शालनची लेक

इरा आमच्याकडं राहायला आली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती आणि यंत्रांच्या तीन पेट्या. ज्या बाईच्या कपड्यांपेक्षा पेट्या जास्त, तिच्यावर लक्ष ठेवावं, असं मी त्याच दिवशी माझ्या सुनेला, वंदनाला सांगितलं. वंदना म्हणाली, "आत्या, कॅमेरे हायत ते." मी म्हटलं, मग तर जास्तच ठेवावं.

राजारामपुरीत आमचं दोन मजली घर आहे. वरची खोली आम्ही क्लासला येणाऱ्या मुलींना देतो. त्या वर्षी परीक्षा संपून मुली गेल्या होत्या आणि खोली रिकामी होती. इरा कॅनडात जन्मलेली, चौतीस वर्षांची, लग्न न झालेली. तिची आई शालन आजऱ्याची. लग्न करून तिकडं गेली ती गेलीच, परत येऊन कधी आठ दिवससुद्धा राहिली नाही. लेक सिनेमे काढते. मी विचारलं, हिरो कोण? म्हणाली, हिरो नाही, मुली आहेत. काय करतात मुली? मोठ्या होतात. मी म्हटलं, त्या तर न बघताही होतात. ती हसली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. बोललेलं लिहून घेणारं माणूस मला आवडत नाही.

तिचं बोलणं ऐकून गल्लीतल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. मराठी तिला आईकडून आलेली, आणि आईची मराठी ती आजऱ्याहून निघाली त्या दिवशीच थांबलेली. त्यामुळं कॅनडाची पँट घातलेली ही बाई "म्या काल बाजारला गेलते" असं बोलायची. आमच्या पोरींना त्यांच्या आयांनी दटावून दटावून आहे-नाही बोलायला शिकवलं आहे, आणि ही साता समुद्रापलीकडून येऊन हाय-न्हाय करते. मला आधी वाटलं चेष्टा करते. मग वाटलं, गोड लागायला बघते. शहरातलं माणूस मुद्दाम गावचं बोलायला लागलं की मतं मागायला आलेलं असतं.

तिची दुसरी सवय म्हणजे विचारणं. आत येऊ का, चालंल का? इथं बसू का, चालंल का? तुमच्या हातांचं चित्र घेऊ का, चालंल का? मी एकदा हो म्हटलं तरी पुन्हा विचारायची. जे माणूस इतक्यांदा विचारतं त्याला काहीतरी न्यायचं असतं. ज्याला काही न्यायचं नसतं ते सरळ येऊन बसतं आणि चहा मागतं.

कॅमेरा ती तोंडाकडं धरायची नाही. हात, पाय, उंबरा, परात. मी भाकरी थापताना पाऊण तास माझ्या बोटांपुढं बसून होती. मी म्हटलं, तोंड सोडून बाकीचं दाखवतात ते चोरांचं. ती म्हणाली, तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत. हे तिचं आवडतं वाक्य होतं, दिवसातून एकदा तरी यायचं. मला ते कधी पटलं नाही. मी वजन करताना बोट लावणारे हात बघितले आहेत.

एक दिवस तिनं सगळ्यांना स्वयंपाकघरात गप्प बसवलं. एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. कानाला यंत्र लावून डोळे मिटून उभी. झाल्यावर मी विचारलं, काय घेतलंस? म्हणाली, खोली. प्रत्येक खोलीचा गप्प असतानाचा आवाज वेगळा असतो, तो नंतर सिनेमात जोडायला लागतो. माझा विश्वास बसला नाही. गप्प माणसांचा आवाज पेटीत भरून कोण नेतं? त्यानंतर पंधरा दिवस घरातलं काही बोलायचं असलं की मी वंदनाला मोरीत बोलवायची.

आणि मी तिची वहीही बघितली. लपवून काय करायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, वही इंग्रजीत, म्हणून ती आंघोळीला गेल्यावर नातीला, श्रेयाला वाचायला लावली. श्रेया तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. तिनं वाचलं ते असं: सकाळ, भांडी. दूधवाल्याची गाडी. आजीचा खोकला. परत आजीचा खोकला, फार चांगला. तीन पानांत माझा खोकला पाच वेळा होता आणि आमच्या घराविषयी वाईट एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, खरी वही दुसरी असणार.

ती कशासाठी आली आहे ते एका दुपारी शेंगा फोडताना बाहेर पडलं. तिच्याजवळ आईचा एक फोटो होता. केळीच्या खुंटांचं मखर, त्यात शालन हिरव्या साडीत, कपाळापर्यंत फुलं, ओटीत नारळ, नजर खाली. आमच्याकडं पूर्वी मुलगी शहाणी झाली, म्हणजे तिला पहिलं न्हाण आलं, की मखरात बसवायचे. बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, ओटी भरायच्या, मामाकडून साडी यायची. आता शहरात कुणी करत नाही. मेडिकलमधून कागदात गुंडाळून पुडकं आणतात आणि विषय संपतो.

इराला तिकडं शाळेतल्या संडासात कळलं होतं. घरी आल्यावर आईनं दाराच्या फटीतून पुडकं आत सरकवलं आणि बापाला सांगू नको म्हणाली, एवढंच. पुढं फोटो हाती लागल्यावर तिनं आईला कितीदा विचारलं. आई म्हणायची, बसवलं, बसले, त्यात काय सांगायचं. आणि उठून जायची. इराच्या मनात ते घर करून बसलं होतं की आईला पाच दिवस गाणी मिळाली आणि मला पुडकं. जे आईनं तिकडं नेलं नाही ते इथं येऊन तिला बघायचं होतं.

"पाच दिवस एका जागी बसायचं," मी म्हटलं. "पाठीला रग लागती. तुला पुडकं मिळालं ते बरं."

तिनं वही उघडली. मी म्हटलं, लिहू नको. तिनं मिटली, पण बोट पानात ठेवून.

मग तिनं विचारलं की फोटोतल्यासारखं मखर आमच्या हॉलमध्ये मांडलं तर चालेल का, आणि श्रेयाला त्यात बसवलं तर चालेल का. श्रेयाला न्हाण आलेलं नव्हतं. नुसतं सिनेमापुरतं. माझा मुलगा म्हणाला, फिल्लमच तर हाय, करा की. वंदना तर दुसऱ्या दिवशीच पार्लरला जाऊन आली. इरानं त्यांच्याकडून कागदावर सह्या घेतल्या. श्रेयाला एकटीला गच्चीवर नेऊन तीनदा विचारलं, नको वाटलं तर आत्ता सांग. श्रेया म्हणाली, केसात किती गजरे घालायचे?

मला काय होणार ते दिसत होतं. मी बोलले नाही. मला वाटलं, फजिती होऊ दे, म्हणजे ही बाई पेट्या भरून जाईल.

वंदनानं गल्लीत मोबाईलवर कळवलं की आमच्याकडं मखर आहे, सिनेमाचं चित्रण आहे, सगळ्यांनी यावं. सहा बायका हव्या होत्या, चौदा आल्या. मखराला मोकळ्या हातानं कुणी जात नाही, म्हणून प्रत्येकीच्या हातात खण, नारळ, तांदूळ. वंदनाची भावजय मलकापूरहून एसटीनं हिरवी साडी घेऊन आली, मामाची साडी म्हणून. इरानं सगळ्यांना सांगितलं की माझ्याकडं बघू नका, तुम्ही खरंच जसं करता तसं करा. त्यांनी तसंच केलं. श्रेयाला मामाची साडी नेसवली, हळदकुंकू लावलं, पाच सवाष्णींनी ओटी भरली. मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं गाणी म्हटली, तिचा आवाज अजून चांगला आहे. इरा कॅमेऱ्यामागं उभी राहून सारखी डोळे पुसत होती. मला वाटलं काच पुसते. श्रेया खूश होती. संध्याकाळी तिनं दहा जणींना फोटो पाठवले.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची फुलवाली मला म्हणाली, "काकी, नात शहाणी झाली म्हणं. बरं झालं बाई."

मी म्हटलं, ते सिनेमाचं होतं.

"व्हय, व्हय," ती डोळे बारीक करून म्हणाली. "सिनेमाचंच."

गल्लीनं उलटा हिशोब लावला होता. ज्या मुलीला न्हाण आलं नाही तिला घरचे मखरात कशाला बसवतील? ओटी कशाला भरून घेतील? मामाची साडी येते का नाटकाला? तेव्हा पोरगी शहाणी झालेलीच आहे, आणि आजकाल असलं करायची लाज वाटते म्हणून घरच्यांनी सिनेमाचं निमित्त केलं आहे. आम्ही जितकं नाही म्हणत होतो तितकं ते पक्कं होत होतं.

श्रेयाच्या वर्गातल्या एका मुलीची आई त्या चौदांत होती. मधल्या सुट्टीत मुली श्रेयाभोवती जमल्या. कसं असतं, दुखतं का, किती दिवस? आलंच नाही म्हटलं तर खोटारडी म्हणायच्या, आणि आलंय म्हणावं तर पुढं काय सांगणार? बाकावर कुणीतरी काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती पोट दुखतंय म्हणून घरी राहिली, आणि गल्लीची उरलीसुरली शंका फिटली.

त्याच आठवड्यात मलकापूरहून भावजयीचा फोन आला. तिच्या बहिणीचा मुलगा डिप्लोमाला आहे, घरचं शेत, दूध. घाई काही नाही, नुसतं कानावर घातलं, म्हणाली. वंदना आधी हसली. फोन ठेवल्यावर हसत नव्हती.

श्रेया जिन्यात बसून रडत होती आणि इरा तिच्या एक पायरी खाली. मी वरून ऐकलं. श्रेया म्हणाली, "आता खरं येईल तेव्हा मी कुणाला सांगू? सगळ्यांचं करून झालंय."

इरा जिन्यातून उठली. थोड्या वेळानं माझ्याकडं आली. "आजी, असं हुणार ते तुमास्नी ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"तू सगळ्यांला चालंल का, चालंल का करत हिंडलीस," मी म्हटलं. "काय हुईल, असं कुणाला तरी इचारलंस का?"

तिनं मान खाली घातली. मी खरं तेच बोलले होते, पण सगळं बोलले नव्हते, आणि ते तिला कळलं असावं. तिनं पुढं विचारलं नाही. संध्याकाळी आलेले सगळे खण-नारळ तिनं पिशवीत भरले, ज्याचे त्याला परत देते म्हणाली. मी पिशवी काढून घेतली. ओटी परत देत नाहीत. दिली तर बाईचा अपमान होतो आणि मुलीचं वाईट चिंतल्यासारखं होतं. म्हणजे परत करूनही हे पुसता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आईला फोन लावला. मी स्वयंपाकघरातल्या कट्ट्याजवळ लसूण सोलत होते, उठले नाही. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला होता. शालन माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान असेल, पण दमलेली दिसत होती. तिकडं झोपायची वेळ झालेली. लेकीनं पाठवलेला श्रेयाचा फोटो तिनं बघितला होता. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. पहिलंच विचारलं ते, "पोरीला आलंय का?"

इरा म्हणाली, न्हाई.

 मग शालन म्हणाली, "मलाबी आलं नव्हतं."

नंतर तिनं सांगितलं ते असं. सोळावं सरत आलं तरी तिला न्हाण नव्हतं. आळीतल्या बायका आईला विचारायच्या. पाठच्या मुलींची मखरं झाली. एक दिवस आईनं मखर मांडलं, फोटोवाला बोलावला आणि हिला म्हणाली, गप बसायचं. ही बसली. बायकांनी ओटी भरली, गाणी म्हटली, आईनं सुटकेचा श्वास टाकला. खरं न्हाण त्यानंतर दीड वर्षानं आलं. ते कुणाला सांगायचं? सगळ्यांचं करून झालं होतं. आईलासुद्धा सांगितलं नाही. पुढं स्थळं आली तेव्हा तिनं सगळ्यात लांबचं पत्करलं.

"तिथं कुणाला मी शहाणी हाय का येडी हाय ठाऊक नव्हतं," शालन म्हणाली.

मी टेबलावरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं. त्याचा लाल दिवा बंद होता. बरं वाटायच्या आत इरा म्हणाली, "आई, हे परत सांगशील? कॅमेऱ्यापुढं?"

बघा. मी म्हटलं नव्हतं? शालननं फोन बंद केला. इरा तशीच बसून राहिली, हाताचा तळवा तोंडावर दाबून. आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळायचं. हा तिचा स्वभाव होता आणि तो धंद्यामुळं आला होता की धंदा स्वभावामुळं, मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी ती गल्लीत निघाली. कॅमेरा नाही, वही नाही. मी बरोबर गेले. सोबत म्हणून नव्हे, काय बोलते ते ऐकायला. प्रत्येक दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची, "ते खोटं हुतं. पोरीला अजून काय आलेलं न्हाई. चूक माझी हाय." एकीनं विचारलं, मग आम्ही भरली ती ओटी काय केळीच्या खुंटाची होती? दुसरी म्हणाली, तुझं अजून लगीन न्हाई, तुला असल्यातलं काय कळतंय. एकीनं दार लावून घेतलं. इरा ऐकून घ्यायची आणि पुढच्या दाराला जायची. रडली नाही. तेवढं मी तिच्या खात्यावर धरलं.

पण पटत कुणाला नव्हतं. पाहुणीला पुढं करून घरचे लपवतायत, असंच त्यांना वाटत होतं. फुलवालीकडं आलो तेव्हा ती पुन्हा डोळे बारीक करायला लागली. मला राग आला. तिचा आला की माझा, कोण जाणे. मी म्हटलं, "हे असं हुणार मला ठाऊक हुतं आणि मी गप बसले. ह्या बाईची खोड मोडावी म्हणून. नातीचा इचार केला न्हाई. आता सांग गल्लीत."

तिनं सांगितलं. नातीची बाजू घ्यायला मी खोटं बोलेन असं गल्लीला वाटलं असतं, पण स्वतःची अब्रू घालवायला बोलेन असं कुणालाच वाटेना. आठ दिवसांत कुजबूज निवली. श्रेया शाळेत जायला लागली. मलकापूरच्या भावजयीला वंदनानं फोनवरच चार शब्द सुनावले. साडी मात्र भावजयीनं परत घेतली नाही. ठेवा, लागेल तेव्हा नेसवा, म्हणाली.

निघायच्या आधी इरानं श्रेयाला वर बोलावलं आणि मलाही. मखराच्या चित्रणाचं काय करायचं ते श्रेयानं सांगायचं होतं. श्रेया म्हणाली, मला नको त्यात. इराचं तोंड पडलं. मी बघितलं. दोन महिन्यांची मेहनत होती, आणि आईचं कळल्यावर तर त्या चित्राची किंमत दुप्पट झाली होती. ती म्हणाली, चेहरा न दाखवता, नुसते हात चालतील का? हातांचं तिचं वेड अजून गेलं नव्हतं.

"हात पण नकोत," श्रेया म्हणाली.

"बरं," इरा म्हणाली, आणि आमच्यापुढं यंत्रातून ते पुसून टाकलं. पुसलं असं तीच म्हणाली. पुसल्यावर यंत्रात मागं काही उरतं का, ते मला कळत नाही.

पुढच्या वर्षी तिकडं कुठंतरी तो सिनेमा दाखवला. श्रेयानं मोबाईलवर बघितला. शालनचा फोटो आहे म्हणे, शालनचा आवाज आहे, आमच्या घरातली एक खोली आहे. शालन कधी आणि कशी हो म्हणाली, मला ठाऊक नाही. श्रेया म्हणते, मी त्यात कुठंच नाही. मी बघितलेला नाही, त्यामुळं माझं मत राखून ठेवलं आहे.

इराला मी शेवटची बघितली ती गेल्या दिवाळीनंतर. संध्याकाळी वाळत घातलेले कपडे आणायला गच्चीवर गेले, तर श्रेया टाकीच्या आडोशाला मोबाईल घेऊन बसलेली. पडद्यावर इरा. तिकडं सकाळ होती. केस पिंजारलेले, दात घासायचा ब्रश हातात, खिडकीबाहेर सगळं पांढरं. अंथरुणातून उठून फोन घेतलेला. ती विचारत होती, पोटात दुखतंय का, कधीपासून, घरात पुडकं आहे का, आईच्या कपाटात बघितलंस का. श्रेया हळू आवाजात एकेक सांगत होती. मग इरा म्हणाली, "आईला सांगायचं, न सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरीव. घाई न्हाई."

माझ्या पायाचा आवाज झाला आणि दोघी गप्प झाल्या. श्रेयानं माझ्याकडं बघितलं, चोरी सापडल्यासारखं. मी वाकून त्या काचेत तोंड घातलं.

"हे घेतीयास काय?" मी विचारलं.

"न्हाई, आजी."

एवढ्याशा काचेत माणूस खरं बोलतं की खोटं, ते दिसत नाही. मी बरंच बघितलं. तिनंही नजर हलवली नाही. तोंडाच्या कडेला पेस्टचा फेस वाळला होता, तो तिला ठाऊकही नव्हता. चालंल का, असं तिनं विचारलं नाही. मी दोरीवरचे कपडे काढले, श्रेयाचे दोन परकर तिच्याजवळ ठेवले आणि खाली आले.

वंदना कणीक मळत होती. म्हणाली, "आत्या, श्रेया वर काय करतीया एवढा वेळ?"

"अभ्यास," मी म्हटलं.